खरपूस भाकरी

दैवशालाची भाकरी रोज करपायची आणि तिचा नवरा भागवत रोज म्हणायचा, "मला अशी खरपूसच आवडती." ताट घेऊन तो अंगणात शेळीच्या खुंट्याजवळ जेवायला बसायचा आणि रिकामं ताट आत आणून द्यायचा. तरी अख्ख्या सोनारीत आपल्याएवढा वाईट हात कुणाचा नसंल, ही सल काही तिच्या मनातून जात नव्हती.

लेक वर्षाराणी आयटीआयला वायरमनचं शिकत होती. एका सकाळी तिनं विजेच्या शेगडीला मीटर लावला आणि वहीत आकडे मांडले.

"आई, व्होल्टेज दोनशे वीस, करंट आठ. भागलं की रेझिस्टन्स साडेसत्तावीस ओहम, गुणलं की पॉवर सतराशे साठ वॉट. आन् शेगडी हजार वॉटची! पप्पा दर खेपेला कॉईलचा जळका तुकडा तोडून उरलेली जोडत्यात. कॉईल आखूड झाली तशी आच वाढली. तुझा हात वाईट न्हाय, आई."

दुसऱ्या दिवशी नवी कॉईल बसली. भाकरी टम्म फुगली, कुठं डाग म्हणून नव्हता. भागवतनं ती शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

तशी शेळी दावं ताणून त्याच्या ताटाकडं बघत ओरडायला लागली. काही केल्या थांबंना.

दैवशाला दारात आली. शेळीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि तिनं डोळ्याला पदर लावला.

"उद्यापासनं एक भाकरी करपवावी लागंल."

"माझ्यासाठी कशाला?" भागवत चाचरला.

"तुमच्यासाठी न्हाय."