गोड शेवटाची कादंबरी

“शेवट फारच गोड केलाय,” विजया म्हणाली. “बासुंदी, अन् वर पुन्हा साखर.”

“गोडच बरा. वॉर्डात दिवसभर कडू काय कमी असतं?” योगिनीने पोह्यांची बशी तिच्यापुढे सरकवली.

जुम्म्याची दुपार होती. या आखाती शहरात, जाब्रिया भागातल्या योगिनीच्या घरी महिन्यातून एकदा मराठी पुस्तकावर बोलायला माणसं जमत. आज चौघंच होती. योगिनी नर्स, विजया लॅबमध्ये. शिंपीकाम करणारा अशरफ आणि त्याच्याच खोलीत राहणारा मुझफ्फर नमाज आटपून अब्बासियाहून आले होते. मुझफ्फर मेसचा स्वयंपाकी. त्याला अक्षरओळख नव्हती. अशरफने रोज थोडी थोडी करत तीन आठवड्यांत कादंबरी त्याला वाचून दाखवली होती. मध्येमध्ये अडखळायचा. चष्मा जुना झालाय म्हणायचा.

मुझफ्फर या घरी पहिल्यांदाच येत होता. त्याने हॉल न्याहाळला.

“अशरफ, पाचेक वर्षांमागं वर्षभर दर बुधवारी तू इथं पडद्यांची मापं घ्यायला येत होतास ना? इथं तर एकच खिडकी आहे.”

“कापड आटायचं,” अशरफ म्हणाला.

योगिनी गालात हसली आणि चहा गाळायला उठली.

कादंबरी हलकीफुलकी होती. कोकणातलं एक लहानसं बंदर. नायक लाँचची तिकिटं फाडतो, नायिका बेकरी चालवते. नानकटाई करपली होती की नव्हती, यावरून दोघं अर्धं पुस्तक भांडतात. मग तो नोकरीला मुंबईला जातो, इकडे तिचं लग्न ठरू लागतं. ती त्याला चिठ्ठी पाठवते, आणि तो शेवटच्या लाँचने येऊन धक्क्यावर उडी टाकतो.

“ती चिठ्ठी बरोब्बर वेळेवर पोचली, तिथं मी पुस्तक मिटलं,” विजया म्हणाली. “असं कुठं होतं का?”

“मला तिथंच रडू आलं,” अशरफ म्हणाला.

“चाचांचं काळीज मेणाचं! मुझफ्फरभाई, तुम्ही बोला. तुमचं मत काय?”

मुझफ्फरने तोंडातला घास संपवला. “नानकटाईचं बरोबर लिहिलंय. मंद आंच पाहिजे. बाकी सगळं झूठ. पोरी अशा चिठ्ठ्या लिहीत नाहीत.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“मला आली होती ना एक.”

“जाऊ दे, मुझफ्फर,” अशरफ म्हणाला.

“का जाऊ दे? मत विचारलंय त्यांनी.” मुझफ्फर विजयाकडे वळला. “झरीन तिचं नाव. आमच्या गावची, खाडीकाठची. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मी इथं नवा होतो. रजेवरून परतणाऱ्या माणसाच्या हातून तिने चिठ्ठी धाडली. खोलीत आम्ही आठजण. खिशाला पेन लावणारा हा एकटा. सगळे आपापली पत्रं याच्याकडेच आणायचे. माझीही यानेच वाचली.” त्याने डोळे मिटले आणि पाठ म्हटल्यासारखा म्हणाला, “‘इकडे सर्व खुशाल. आंब्याला मोहोर चांगला आलाय. जिवाला जप. घाई करू नकोस.’”

“किती छान!” योगिनी चहा घेऊन आली होती.

“छान? मी घाई केली नाही. दोन महिन्यांत खबर आली, ईदनंतर तिचा निकाह झाला. अठ्ठावीस वर्षं झाली. मी पुन्हा कुणावर भरवसा टाकला नाही. घर नाही, पोरंबाळं नाहीत. गावी गेलो तरी तिच्या आळीतून जात नाही. गेल्या साली ती समोरून आली, तर मी थुंकून रस्ता बदलला.”

“ती वाईट नव्हती रे,” अशरफ म्हणाला.

“बघा! कायम तिचीच बाजू घेतो.”

विजयाने मान हलवली. “मला नाही पटत. ‘घाई करू नकोस’ लिहिणारी मुलगी दोन महिन्यांत लग्न करेल? कादंबरीतसुद्धा हे चालायचं नाही.”

“मग बघाच!” मुझफ्फरने पाकीट काढलं. बताक्यामागे, म्हणजे ओळखपत्रामागे, प्लास्टिकमध्ये घडीवर विरलेला एक कागद होता. “फेकायला हात धजला नाही.”

विजयाने हात पुढे केला. त्याने कागद मागे घेतला.

“तुम्ही नको. माझ्या नावची चिठ्ठी आहे. तेव्हा ज्याने वाचली, तोच वाचेल. घे, अशरफ.”

“माझा चष्मा...”

“कपाळावर आहे.”

अशरफने कागद घेतला. चार वर्षं तो त्या पाकिटाकडे बघत होता. मुझफ्फर अंघोळीला गेला की पाकीट उशीखाली असायचं, आणि अशरफचा हात उशीपर्यंत जाऊन परत यायचा. आता कागद मांडीवर उघडा होता. शाई फिकी, अक्षर मात्र शाळकरी, सुटं सुटं.

“वाच की रे. तुला तर पाठ असेल.”

अशरफ कागदाची विरलेली घडी अंगठ्याने सपाट करत राहिला.

चारचौघांत वाचायला चाचा लाजतायत, असं योगिनीला वाटलं. ती त्याच्याशेजारी बसली.

“वाचा हो, चाचा. याच कोचावर दर बुधवारी पहिलं अक्षर गिरवायला बसलात, तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होतात. आता कसली लाज? जोडाक्षर अडलं तर मी आहे.”

मुझफ्फरचा हात बशीवरच थांबला.

अशरफने चष्मा डोळ्यांवर ओढला, पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि एकेक शब्द लावत वाचू लागला.

“मुझफ्फर, ईदच्या आधी ये. अब्बांनी चिपळूणचं स्थळ ठरवलंय. तू नुसता दारात उभा राहिलास, तरी मी सगळ्यांसमोर नाही म्हणेन. नाही आलास, तर तुझ्या मनात नव्हतं असं समजेन.”