स्कॅनची सीडी

आईच्या स्कॅनची सीडी फक्त विंडोजवर उघडते आणि आमच्या घरी जुना मॅक. दादा म्हणाला, मॅकच्या हार्ड डिस्कचा एक भाग वेगळा काढून त्यावर विंडोज टाकू. वहिनी म्हणाली, कशाला तो कुटाणा, मॅकच्या आतच विंडोज चालवता येतं. मी दोन्हींचे फायदे-तोटे वाचत बसले. आठवडा असाच गेला.

शेजारच्या काकांनी त्यांचा विंडोजचा लॅपटॉप पहिल्याच दिवशी आणून दिला होता. तो टेबलावर तसाच पडून आहे. त्याच्यावरची धूळ तेवढी कुणीतरी रोज पुसतं.

काल शेंगा सोलता सोलता आई म्हणाली,

"तुमचं सावकाश चालू द्या. आता घाई करून काही होणार नाही, हे डॉक्टरांनी मला स्कॅनच्या वेळीच सांगितलंय."