लघुग्रहाचे वेध

"चूल पेटणार नाही म्हणजे नाही!" सीतालक्ष्मीबाईंनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट टाकला आणि त्यावर ठाण मांडलं. मागे लोणच्याच्या बरण्यांवर दर्भ ठेवून झाला होता. दुधावर, तुपावर, एवढंच काय, नात अंबुजाने निवडून ठेवलेल्या रव्यावरसुद्धा.

बिंदुमाधवराव कपाळाला हात लावून उभे राहिले. जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस, आणि त्याच्याच घरात ही तऱ्हा! आता कुठल्याही क्षणी बेट्टदपुरहून गोदावरीबाई येणार होत्या, मुलगा वादिराज याला घेऊन, अंबुजाला बघायला.

"आई, हे ग्रहण नाही गं. लघुग्रह आहे. इकारस म्हणतात त्याला. एक दगड, सूर्याभोवती फिरणारा. आज रात्री पृथ्वीजवळून जाणार. जवळून म्हणजे काय, चंद्राच्या सोळापट लांबून!"

"स्पर्श किती वाजता?"

"स्पर्श नाहीच. स्पर्श झाला तर आपण कुणी उरायचो नाही."

"पाहिलंस? साधं ग्रहण लागतं नि सुटतं. हे त्याहून कडक. रात्रीचं आहे, म्हणजे दुपारपासून वेध. अन्न नाही, पाणी नाही."

"पंचांगात तरी दिलंय का?"

"नाही ना दिलेलं? मग जास्तच जपायला पाहिजे. आता सुम्ने बस!"

आईच्या तोंडी कन्नड आलं की वाद संपला, हे नजरबाद मोहल्ल्यातल्या त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बिंदुमाधवराव गुमान बाहेरच्या खोलीत आले.

याआधी दोन स्थळं येऊन गेली होती. दोघांनीही रिवाजाप्रमाणे मुलीच्या हातचं उप्पिट्टू, म्हणजे रव्याचा उपमा, खाल्लं, "कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही. बिंदुमाधवरावांच्या मते दोष सगळा आईच्या सोवळ्याओवळ्याचा. हल्लीच्या मुलांना असलं जुनाट घर नको असतं. आता हे तिसरं स्थळ, आणि त्याला घोटभर कॉफीसुद्धा नाही! त्यातून वादिराजचा फोटो अंबुजाच्या पुस्तकात त्यांना सापडला होता. पोरीचा जीव जडला होता.

पाहुणे आले. गोदावरीबाई खुर्चीत विसावल्या, पदराने वारा घेतला आणि थेट मुद्द्यावर आल्या.

"उप्पिट्टू होऊन जाऊ दे. मुलीच्या हातचं खाल्ल्याशिवाय मी होय म्हणत नसते."

बिंदुमाधवरावांनी तोंड उघडलं. उत्तर आलं ते उंबऱ्यातून.

"आज वेध आहेत, गोदावरीबाई. तुमच्याकडे पाळत नाहीत वाटतं?"

गोदावरीबाई दचकल्या. पदरावर बसस्टँडवरच्या वड्याच्या चटणीचा ताजा डाग होता. तो त्यांनी हळूच मुठीत घेतला.

"अय्यो, पाळतो की! सगळं पाळतो! सकाळपासून मी तरी कुठं काय तोंडात घातलंय?"

वादिराज छताकडे बघत राहिला.

खायला काही नाही, तेव्हा बोलणं भाग होतं. वादिराजने विचारलं, पेपरात आलेला हा दगड येतो तरी कुठून? अंबुजाने रिकामं ताट पुढे ओढलं. मधोमध निरांजन ठेवलं, तो सूर्य. मग कुंकवाच्या बोटाने काकडीसारखी लांबुळकी कक्षा काढली. इकडून बुधाच्याही आत घुसतो, तिकडे मंगळाच्या पलीकडे पळतो. वाटेत पृथ्वीला चुकवून जातो. सांगताना तिचे डोळे असे चमकत होते की वादिराजचं ताटाकडे लक्षच नव्हतं.

"म्हणजे पडणार नाही?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"नाही."

"तुला पक्कं माहीत आहे?"

"हो. गणित करून पाहिलंय."

"मग तू का उपाशी?"

अंबुजाने उंबऱ्याकडे पाहिलं. "आजी म्हणते म्हणून."

गोदावरीबाईंचे डोळे भरून आले. एवढी शिकलेली पोर, आणि आजीच्या शब्दाबाहेर नाही! त्यांनी तिला जवळ ओढलं. "उप्पिट्टूचं काय घेऊन बसलात? माझं होय. वेध सुटले की साखर वाटा!"

पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवून बिंदुमाधवराव धावतच आत आले. आईच्या पाया पडावं, तिच्या भाबडेपणाला हात जोडावेत, असं त्यांना वाटत होतं.

स्वयंपाकघरातून कुरुम कुरुम आवाज येत होता. डब्यावरचा दर्भ बाजूला सारून सीतालक्ष्मीबाई कडबोळी खात बसल्या होत्या.

"आई! अगं, वेध!"

त्यांनी एक कडबोळं लेकापुढे धरलं.

"खा रे. तुझा दगड जाईल त्याच्या वाटेनं. मला धास्ती होती ती अंबुजाच्या उप्पिट्टूची."