रोजची हाक

हिंगोली जिल्हा झाला, तरी तांड्याकडं जाणारी एसटी एकच राहिली, साडेचारची. त्यामुळं खुनाच्या खटल्यातून आज सुटलेला जगन आणि ज्याचा खून झाला त्या थावराची आई मोतीबाई, दोघांनाही तीच गाडी धरावी लागली. कोर्टाला याची फिकीर नसते. निकाल वाचून साहेब आत जातात, माणसं आपापल्या गावाला.

गाडीत एकच जागा रिकामी होती, मोतीबाईच्या शेजारची. उभे होते ते सगळे तांड्याचे, निकाल ऐकून आलेले; तिथं बसायला कुणी धजत नव्हतं. कंडक्टर मात्र परका. "अहो, जागा असून लटकता काहून? बसा की!" तो जगनवर खेकसला. मोतीबाईनं बोचकं मांडीवर घेतलं. जगन अंग चोरून बसला.

गाडीनं औंढा मागं टाकलं.

सगळा खटला मोतीबाईच्या डोळ्यांवर उभा होता. पाण्याच्या पाळीवरून दोघं भांडले, जगननं कुऱ्हाड उगारली, थावरा पडला. शेजारच्या पट्टीत कापूस वेचताना तिनं हे बघितलं होतं, आणि ती बघतेय हे जगननंही बघितलं होतं. तरी शपथ घेऊन ती म्हणाली, मारणारा पाठमोरा होता, तोंड दिसलं नाही. सरकारी वकील तिला फितूर म्हणाला, चिडला, पण ती हलली नाही. आज साहेबांनी जगनला संशयाचा फायदा दिला होता.

"काकी," तो शेवटी म्हणाला, "काहून?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "तू जेलात गेला असता. तिकडं लांब, भिंतीआड. मला काय दिसलं असतं?"

"मंग माफ केलं का?"

ती हसली. थावरा काही खुळ्यासारखं बोलला की ती अशीच हसायची. जगनला ते हसू ओळखू आलं.

"शिक्षा द्यायच्या आधी साहेब इचारतेत म्हनं," ती म्हणाली. "तुला काय सांगायचं हाय का म्हनून."

"व्हय. वकिलानं पाठ करून घेतलं व्हतं. माय म्हातारी हाय, लेकरं ल्हान हायेत, आसं."

"मंग सांग."

"कुनाला?"

"मला. मी इचारून राहिले."

जगननं तोंड उघडलं. महिनाभर घोकलेलं, पण त्यातला एक शब्दही तिच्यापुढं निघेना. कुणाची माय म्हातारी म्हणून सांगायचं?

"काई न्हाई सांगायचं," तो म्हणाला.

मोतीबाईनं मान डोलावली.

फाट्यावर उतरून बाकीची मंडळी भराभरा पुढं गेली. जगन चार पावलं अंतर ठेवून तिच्या मागून चालू लागला. जामिनावर असताना त्याला तांड्यात यायला बंदी होती. दोन वर्षांनी आज तो पहिल्यांदा शिरत होता. या वाटेनं तो आणि थावरा रोज रानातून बरोबरच परतायचे. दिवस मावळत आला होता.

दारापाशी ती थांबली.

"थावरा हितूनच हाक मारायचा. तू बी संगं आसायचास."

"व्हय."

"दोन वर्सं झाली, माझ्या दारात कुनी हाक मारली न्हाई. आता तू मारायची. त्याच्यावानी. रोज, याच वक्ताला. मी दार लोटून आत बसंन."

जगननं हात जोडले. "काकी, असं नगं. मी माघारी जातो. साहेबाला सांगतो, मीच मारलं."

"साहेबानं तर तुला सोडलं. आता तिथं कोन धरतंय तुला?"

"किती दिस?"

"मी हाय तवर."

ती आत गेली. दार लोटलं.

जगन अंगणात एकटा उभा राहिला. पळून जावं असं त्याला फार वाटलं, पण पाय उचलेना. थावराची हाक त्याला चांगली ठाऊक होती. आईला 'याडी' म्हणताना तो शेवटी सूर लांबवायचा, पोराला भूक लागलीय हे तिला त्यातच कळायचं. जगननं ती मनात दोनदा म्हणून पाहिली. मग डोळे मिटले.

"याडी!"

आवाज आखूड निघाला आणि मधेच तुटला. शेजारच्या घरातली बोलणी थांबली. जगन दोन्ही हातांनी तोंड दाबून उभा होता.

मग दारामागून मोतीबाईचा आवाज आला, अगदी शांत, पोराला समजावून सांगावं तसा.

"ही न्हाई रे. ही कुऱ्हाड बसली तवाची हाय. रोजची मार."