चौथा खांब

“एकच कागद यायचा राहिलाय,” खिडकीपलीकडून कारकूनबाई रेगुला म्हणाली. “मार्ग्रिट एगलीबाईंचा. तो म्हणजे…”

“तो येत नाही. त्याचं मी बघतो!” असं म्हणून कास्पर रिकली तरातरा बाहेर आला आणि नगरपालिकेच्या दारात पाय फाकवून उभा राहिला. समोरच्याचं बोलणं पुरं ऐकून घ्यायची त्याला सवयच नव्हती. शुक्रवार होता, आणि पाचला पंधरा मिनिटं कमी होती.

हिंटरबाख तीन हजार वस्तीचं गाव, गाई धरल्या नाहीत तर. गावच्या फुटबॉल क्लबाचा गोलकीपर एरवी नळ दुरुस्त करतो, कप्तान पोस्टात आहे. असल्या अकरा जणांनी सहा वर्षांत चार पायऱ्या चढून गेल्या महिन्यात देशाच्या अव्वल गटात उडी मारली. गाव दोन दिवस शुद्धीवर नव्हतं. कास्पर क्लबाचा अध्यक्ष, त्यामुळे सगळे गोल आपणच मारले अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. पण घोडं अजून गंगेत न्हायचं होतं. अव्वल गटात खेळायचं तर मैदानावर दिव्यांचे चार खांब हवेत, आणि त्यांची परवानगी आज रात्रीच्या आत लीगकडे पोचायला हवी. नाहीतर ती जागा दुसऱ्या नंबरावर आलेल्या, नदीपलीकडच्या ओबरश्टेगला. ओबरश्टेगचं नाव निघालं तरी कास्परच्या घशाखाली घास उतरत नसे.

महिनाभर मैदानाच्या चार कोपऱ्यांत लोखंडी नळ्या उभ्या होत्या. दिवे केवढे उंच होणार ते गावाने बघावं, आणि ज्याच्या डोळ्यांत खुपतील त्याने आज पाचच्या आत हरकत लिहून द्यावी. एक हरकत आली की कारभार आटोपला, दोन वर्षं फाईल जागची हलत नाही. हे कास्परइतकं कोणाला ठाऊक असणार? हरकत घेण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या खोऱ्यात नव्हता. बेकरीवाल्याचं कापडी छप्पर, बालवाडीचा झोका, पाद्रीबाबांचं कोंबड्यांचं खुराडं, सगळ्यांना त्याने लेखी अडवलं होतं. कास्पर पत्रं लिहायचा. आलेली वाचायचा नाही.

आणि मार्ग्रिट? बावीस वर्षांपूर्वी तिला मैदानालगतच्या आपल्या घराच्या माळ्यावर एक खोली काढायची होती. नवरा गेलेली लेक दोन पोरांना घेऊन माहेरी यायची होती. कास्परने हरकत घेतली : खोलीची सावली मैदानाच्या कोपऱ्यावर पडेल, तिथलं गवत खुरटेल. उत्तराचे कागद घेऊन मार्ग्रिट पोचली तेव्हा पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. कास्पर तिथेच घड्याळ धरून उभा होता. “पाच म्हणजे पाच,” तो म्हणाला, आणि खिडकी बंद झाली. पाचनंतर कोणाचाही कागद घ्यायचा नाही, हा नियमही मग त्यानेच गावाकडून हात वर करवून पास करून घेतला. लेक कॅनडाला गेली ती गेलीच. मार्ग्रिट मात्र प्रत्येक सामन्याला येत राहिली, पहिल्या रांगेत, गाईच्या गळ्यातली घंटा बडवत. या बाईच्या मनात काय आहे, या धास्तीने कास्परची महिनाभर झोप उडाली होती.

पाचला दहा कमी असताना ती कोपऱ्यावरून वळली. एक्क्याऐंशी वर्षांची, हातात काठी, काखेत तपकिरी पाकीट.

“मार्ग्रिटबाई! किती दिवसांनी!”

“काल दुकानात भेटलो की. तू तोंड फिरवलंस.”

“चष्मा नव्हता हो. गुडघा काय म्हणतो?”

“गुडघ्याचं राहू दे. मला आत जायचंय.”

“जा ना, कोण अडवतंय?” कास्पर दारात आणखी रुंद झाला. त्याने सफरचंदांची चौकशी केली. पहिल्या रांगेतली खुर्ची जन्मभर फुकट देऊ केली. तरी म्हातारी काठीने वाट काढायलाच लागली, तेव्हा त्याने हुकमाचं पान टाकलं.

“नातवंडं कशी आहेत हो, कॅनडातली?”

मार्ग्रिट थांबली. “बावीस वर्षांत आज विचारलंस,” ती म्हणाली, आणि तिथल्या बाकावर टेकली. थोरला सुतारकाम शिकला होता. धाकटीचं लग्न ठरलं होतं. दोघांना आजीची भाषा आता येत नव्हती, फोनवर नुसती हसायची. ती सांगत राहिली. कास्पर ‘हो का, हो का’ म्हणत राहिला. त्याचे डोळे चर्चच्या घड्याळावर होते.

पाचचे ठोके पडले. आत खिडकी खाडकन बंद झाली.

“बाई, वाजले पाच!” कास्पर टाळी वाजवून ओरडला. “ती हरकत आता घाला चुलीत!”

“कसली हरकत?” मार्ग्रिटने पाकिटातून एकच कागद काढला. “तुझा चौथा खांब माझ्या कुंपणाला चिकटून येतोय. त्याला माझी संमती लागते. रेगुलाने तुलाही पत्र पाठवलं होतं म्हणे. तीन आठवडे तुला शिव्या घातल्या, आणि आज दुपारी सही केली. अव्वल गटातला एक तरी सामना बघून मरावं म्हटलं.”

कास्परने कागद हिसकावला, आत धावला आणि खिडकीवर धडाधडा मुठी आपटू लागला.

“सोमवारी आठ वाजता,” आतून आवाज आला.

तो आपटतच राहिला. मार्ग्रिट काठी टेकत हळूहळू त्याच्यामागे येऊन उभी राहिली.

“नको ठोठावूस, कास्पर,” ती म्हणाली. “उघडत नाहीत. मी ठोठावून पाहिलंय.”