गाडी आधी, मी मागून

ट्रेलरला फळ्या लावून झाल्या होत्या, पण वाहतूक कंपनीचा तपासनीस अजून बॉनेटखालीच वाकलेला होता.

"काका, गाडीचं पुस्तक परत एकदा द्या बरं."

त्यानं पुस्तकातला चेसिस नंबर मोठ्यानं वाचला. मग टॉर्च मारून गाडीवरचा वाचला. शेवटचे चार आकडे वेगळे होते.

"नीट बघ. म्हातारी झालीय ती. गंज असेल."

"गंज नाही काका, आकडे स्वच्छ आहेत. पुस्तकातली गाडी ही नव्हेच. जहाजावर चढू देणार नाहीत."

काकांनी स्वतः वाकून वाचलं. अठ्ठावीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी नटबोल्टसुद्धा नंबर जुळवून आत घेतले होते. गाडीचा नंबर मात्र विकत घेतली त्या दिवसानंतर पाहिला नव्हता. घरच्या माणसाकडे ओळखपत्र कोण मागतं?

काकू जाऊन पाच महिने झाले होते. घर विकलं होतं. काका समुद्रापलीकडे मुलीकडे राहायला निघाले होते, पण एका अटीवर. गाडी आधी, मी मागून.

भाडं ऐकून सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता. बंदरापर्यंत बंद ट्रेलर, पुढे जहाजावर स्वतंत्र कंटेनर, विमा, तिकडची जकात. उघडा ट्रेलर निम्म्यात मिळत होता, पण वाटेत खडे उडतात म्हणून काकांनी तो घेतला नाही. त्यांनी मुदत ठेव मोडली.

मुलगी फोनवर रोज तेच म्हणायची. "बाबा, एवढ्या भाड्यात इथं नवी गाडी येते. ती तिथंच विका ना."

"तुझी आई चाळीस वर्षं ज्या सीटवर बसली ती सीट देतील का तुझ्या नव्या गाडीत?"



गॅरेजवाला वस्तादही मागे लागला होता. "भाऊ, भाड्यापायी अंगावरचे कपडे विकाल. माझ्याकडे ठेवा, मी सांभाळतो."

आता त्या सांभाळण्याचा अर्थ लागत होता.

"कोणाकडे जास्त दिवस होती का गाडी?" तपासनीसानं विचारलं.

होती. अकरा वर्षांपूर्वी, मुलगी तिकडे शिकायला गेली त्या वर्षी. बाप-लेकीचं बोलणं बंद होतं तेव्हा. 'जायचं तर स्वतःच्या हिमतीवर जा, माझ्याकडून दमडी मिळणार नाही,' असं काका बोलून बसले होते आणि ती खरोखरच गेली होती. त्या गडबडीत गिअरबॉक्सच्या कामाला म्हणून आठ महिने गाडी वस्तादाकडे पडून होती. परत आली तेव्हा डाव्या दाराची कुरकुर थांबलेली. वस्तादाच्या हाताला यश आहे, असं काका गावभर सांगत सुटले होते.

"उद्या संध्याकाळपर्यंत गाडी बदलल्याच्या पोलीस तक्रारीची प्रत आणा," तपासनीस म्हणाला. "नाहीतर जहाजावरची जागा जाईल आणि भाडंही परत मिळणार नाही."

काका तडक गॅरेजवर गेले. वस्ताद कार्बोरेटर धूत होता.

"माझी गाडी कुठाय?"

वस्तादानं वर पाहिलं. कोणती, असं त्यानं विचारलं नाही. हात पुसायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"विकली. एका शौकिनाला. त्याला बंगल्यात नुसती उभी करायची होती, कागद मागितले नाहीत त्यानं. तुम्हाला दिली ती त्याच मॉडेलची, भंगारातून आणलेली. सीट, स्टिअरिंग, काचा, नंबरप्लेट तुमच्याच बसवल्या."

"म्हणजे तूच?"

"मीच."

"आणि पैसे?"

"संपले."

"दर रविवारी पुसायचो रे मी ती! तू शेजारी उभा राहून चहा प्यायचास! लाज नाही वाटली?"

"वाटली, भाऊ."

"आमची ही तुला सख्ख्या भावासारखं मानायची. तिला कळलं असतं तर काय वाटलं असतं तिला?"

"वहिनींचं नाव नका काढू." वस्ताद खाली बघत होता. "मला काय शिक्षा करायची ती करा."

"करणारच आहे. बस तू आत खडी फोडत!"

पोलीस ठाण्यात हवालदारानं कोरा कागद पुढे सरकवला. काका लिहायला बसले. तीस वर्षांचा दोस्त. काकूंच्या शेवटच्या आजारात दवाखान्याबाहेर बाकावर झोपलेला माणूस. फसवलेल्या माणसाची चाकरी करून कोणतं पाप फेडत होता हा?

सगळा मजकूर लिहून झाला तेव्हा मुलीचा फोन आला.

"चढली का गाडी, बाबा?"

"कसली चढतेय! वस्तादानं गळा कापला आपला. खरी गाडी अकरा वर्षांपूर्वीच विकून खाल्ली. कबूलही झालाय. आता फक्त त्याचं नाव टाकायचं, सही करायची आणि..."

"बाबा, थांबा. त्याचं नाव नका लिहू."

"का? तुझा कोण लागतो तो?"

"त्यानं आईला शब्द दिलाय. तो मरेपर्यंत हेच सांगेल. तुम्ही नका लिहू."

"मग कोणाचं लिहू?"



"आईचं," मुलगी म्हणाली. "माझी सगळी फी त्या गाडीची आहे, बाबा."

हवालदारानं दोनदा नाव विचारलं. कागदावर तेवढंच लिहायचं राहिलं होतं.