मालकांची किंकाळी

"घशातून नको. पोटातून काढा," काचेच्या अलीकडून बाई म्हणाली.

काचेपलीकडे, माइकसमोर, गेम कंपनीचे मालक उभे होते. कोट काढलेला, शर्टाची वरची बटणं उघडी, कानांवर हेडफोन. समोरच्या पडद्यावर एक लाल गाडी, टपावर बंदूक बसवलेली, भरधाव येत होती आणि पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला चिरडत होती. गाडीनं माणसाला गाठलं की मालकांनी किंकाळी फोडायची, एवढंच काम. सकाळपासून तेच चाललं होतं.

मालक ओरडले.

"छे! कुणी चिमटा काढल्यासारखं वाटतंय," बाई म्हणाली. "परत."

रेकॉर्डिस्टनं मान खाली घालून हसू दाबलं. बाईची धाकटी बहीण मागच्या सोफ्यावर बसली होती, तिला मात्र हसू येईना.

"ताई, पुरे कर ना. तोंड बघ त्यांचं, केवढं लाल झालंय."

"होऊ दे की. माझं पांढरं पडलं होतं तेव्हा कोण बघायला आलं होतं?"

गेम जुना. तेव्हा बाई याच कंपनीत रिसेप्शनवर होती. नटी परवडेना म्हणून मालकांनी तिलाच माइकपुढे उभं केलं आणि "अजून जोरात, अगं मरतेयस तू!" करत तिचा घसा फोडून घेतला. पुढे त्या किंकाळीवरून गेमवर आरडाओरडा झाला, बंदी आली, लोक दगड घेऊन दाराशी आले. आणि हा पठ्ठ्या कॅमेऱ्यांपुढे काय बोलला? म्हणे, आम्हाला काही ठाऊकच नव्हतं, त्या बाईनं आपल्या मनानं ती किंकाळी घातली, तिला असल्या गोष्टींत मजा वाटते. वर टेपा सगळ्यांदेखत जाळल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. नंतर बाईला एका बालवाडीत काम मिळालं होतं. आयांनी पोरं काढून न्यायला सुरुवात केली, तेव्हा तीच तिथून निघाली.

आता म्हणे गेम परत येतोय. तेव्हाची खेळणारी पोरं मोठी झाली, पैसेवाली झाली आणि हटूनच बसली, किंकाळी तीच हवी, नाहीतर एक दमडी नाही. टेपांची तर राख झालेली. अडला हरी! मालक बाईच्या दारात येऊन उभे राहिले, आणि जिला कधीकाळी 'ए' म्हणून हाक मारायचे तिला 'मॅडम' म्हणाले. बाईनं अट घातली. आधी तुम्ही ओरडायचं. मला पसंत पडेल तो टेक जसाच्या तसा गेममध्ये जाणार, मग मी ओरडेन. मालकांनी हसत हसत सही ठोकली. एक बोंब मारायची, त्यात काय मोठं!

आता ते हसणं कुठल्या कुठे गेलं होतं.

"मॅडम, घसा बसला हो," माइकमधून मालकांचा आवाज आला. "तुम्ही सूड उगवताय."

बाईनं आत बोलायचं बटण दाबलं. "मग? तुम्हाला काय वाटलं, गाण्याची तालीम घेतेय? पाणी प्या आणि परत."

गाडी आली, माणूस चिरडला, मालक किंचाळले. या खेपेला आवाज चिरकला आणि त्यांना ठसका लागला. बहीण उठून बाईजवळ आली.

"यातून तुला काय परत मिळणारे, ताई?"

"काही नाही."

"मग?"

"मग काही नाही. ओरडू दे मेल्याला." बाईचे डोळे भरून आले होते, पण बटणावरचं बोट हललं नाही. "अहो मालक, तुम्हाला जमत नाहीये. मजा वाटली पाहिजे ना! मला वाटायची, तुम्हीच सांगितलंत की साऱ्या दुनियेला. तशी मजा घेऊन ओरडा बघू."

पडद्यावर गाडी परत निघाली. मालकांनी पडद्याकडे बघितलंच नाही. ते काचेकडे वळले आणि मुठी आवळून, शिरा ताणून ओरडले.

"मीच सांगितलं होतं! तू रडत होतीस, नको नको म्हणत होतीस, मीच तुला ओरडायला लावलं! मी! झालं समाधान?"

शेवटचा शब्द फाटून नुसतीच आरोळी झाली. पोटातून आलेली. बहिणीनं बाईचा खांदा धरला.

"घेतलंत?" बाईनं विचारलं.

"घेतलं, बाई," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "अगदी स्वच्छ आलंय."

"मग हा पसंत."

मालकांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तसे ते काचेवर थापा मारायला लागले. "हे कसं चालेल? गेममध्ये हे कसं घालणार? वेड लागलंय का तुम्हाला?"

"सही तुमची आहे," बाई म्हणाली.

रेकॉर्डिस्टनं नवा आवाज जोडून चित्र सुरू केलं. लाल गाडी भरधाव आली, पिशवीवाला माणूस हवेत उडाला, आणि भिंतीवरच्या दोन्ही मोठ्या स्पीकरांमधून मालकांचा आवाज खोलीभर घुमला. "मीच सांगितलं होतं!"

बाईनं खुर्ची पुढे ओढली.

"परत लावा," ती म्हणाली.